गुण कुणाचा, पारख कुणाची

काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न कुठे लागलं, असा प्रश्न स्पर्धा परीक्षेत कुणी विचारणार नाही, पण उत्तर आपल्या मुलखातलं आहे. राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त ही दोघं देशभर फिरतात आणि अखेर विदर्भातल्या वत्सगुल्मात, म्हणजे वाशीमला, गांधर्व विवाह करतात. वाशीम १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यातच होतं. लग्न गांधर्व पद्धतीचं, त्यामुळे अकोलेकरांच्या वाट्याला मानपान काही आला नसणार.

राजशेखर कनौजच्या प्रतिहार राजांच्या दरबारी होता, काळ इसवी सन ९०० च्या आगेमागे, आणि घराणं मूळचं महाराष्ट्राकडचं. माणसाच्या अंगी गुण येतो कुठून, यावर त्याने केलेली मांडणी आजही जुनी वाटत नाही. कुणाची प्रतिभा जन्माची असते, कुणाची याच जन्मात कमावलेली, कुणाची गुरूच्या उपदेशातून आलेली, अशी वाटणी त्याने केली. एवढ्यावर तो थांबला असता तर त्याला आज आठवायचं कारण नव्हतं. पण निर्माण करणारीला त्याने ‘कारयित्री’ प्रतिभा म्हटलं आणि तिच्या शेजारी ‘भावयित्री’ ठेवली: ऐकणाऱ्याची, जोखणाऱ्याची, दाद देणाऱ्याची. ही दुसरी नसेल तर पहिलीचं झाड फळत नाही, असं त्याचं म्हणणं. पुढच्या हजार-अकराशे वर्षांत आपण पहिल्या वाटणीवर भरपूर भांडलो. दुसरीकडे मात्र फारसं कुणी वळून पाहिलं नाही. अमरावती-अकोल्याकडची उदाहरणं मांडून बसलं की हीच दुसरी बाजू पुन्हा पुन्हा पुढे येते.

आधी जुन्या भांडणाचा निकाल लावू. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ म्हणणारा एक पक्ष आणि ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ म्हणणारा दुसरा. दोन्ही म्हणी एकाच घरात, एकाच पोराबद्दल, निकालाच्या आधी आणि नंतर ऐकू येतात. मानसशास्त्रात या भांडणाला जोर चढला तो १९९३ साली. अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतले व्हायोलिनवादक तपासले. त्यांच्यातल्या उत्तमांनी विशीपर्यंत सरासरी दहा हजार तासांच्या वर एकट्याने रियाज केलेला निघाला. २००८ मध्ये माल्कम ग्लॅडवेल यांनी हाच आकडा घेऊन पुस्तक लिहिलं आणि ‘दहा हजार तास’ हा मंत्र झाला. क्लासवाल्यांच्या फ्लेक्सवरही तो पोचला. पण २०१४ साली ब्रुक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी अशा अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा चित्र निराळं दिसलं. माणसामाणसांतल्या फरकाचा किती भाग सरावाने उलगडतो? बुद्धिबळासारख्या खेळांत २६ टक्के, संगीतात २१, मैदानी खेळांत १८, शिक्षणात जेमतेम ४, आणि नोकरी-व्यवसायात एक टक्काही नाही. सराव लागतोच. मात्र सरावाच्या जोरावर कुणीही काहीही होतो, हे विकायला बरं असलं तरी खरं नाही. उरलेला सगळा भाग जन्माचा, असंही या आकड्यांवरून ठरत नाही. त्या उरलेल्यात शिकवणारा आहे, वय आहे, घर आहे आणि नशीबही आहे.

अमरावतीत हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या आखाड्याकडे जावं. वैद्य बंधूंनी, म्हणजे अनंतराव आणि अंबादासपंतांनी, १९१४ साली ही संस्था काढली. १९३६ मध्ये तिचं पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीला गेलं आणि हुतूतूसारखे देशी खेळ तिथे दाखवून आलं. व्यायामशाळा म्हणून सुरू झालेल्या या जागेने पुढे देशभर व्यायामशिक्षक पुरवले. प्रभाकरराव वैद्यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली ती याच कामाबद्दल.

आखाड्यातला मल्लखांब म्हणजे सागवानी किंवा शिसवी खांब. खाली जाड, वर निमुळता होत गेलेला, एरंडेल लावून गुळगुळीत केलेला. नवं पोर आधी अढी शिकतं: मांड्यांनी खांब आवळायचा आणि डोकं खाली. पहिले काही दिवस मांडीच्या आतली कातडी सोलवटते, दंडावर खांबाचा डाग उठतो. पण खरी अडचण कातडीची नसते. पोराचा हात खांब सोडत नाही. मांड्यांची पकड पुरेशी आहे हे मांड्यांना कळलेलं असतं, हाताला कळलेलं नसतं. शिकवणारा पाठीखाली तळवा धरून उभा राहतो आणि हा तळवा किती हलका ठेवायचा, कधी काढायचा, हे त्याने पोराला सांगायचं नसतं. लवकर काढला तर पोर पडतं आणि पुन्हा चढायला भितं. उशिरा काढला तर तळव्याचीच सवय लागते. पुढच्या तेढी, बगली, दसरंग, फरारे, सुईदोरा या सगळ्या उड्या त्या एका क्षणावर उभ्या असतात. बुटका, हलका, लवचीक पोरगा इथे लवकर चमकतो, हे निसर्गाचं देणं. उंचनिंच पोराला हा खांब फारसा धार्जिणा नाही. तासन्‌तासाचा घाम ही कमाई. पण तळवा काढायची वेळ साधणं हा तिसराच गुण आहे, तोही दुसऱ्याच माणसाच्या अंगातला. मॅकनमाराबाईंच्या टक्केवारीत त्याला रकाना नाही.

कविता मात्र शिकवता येत नाही, असं बहुतेक कवी ठासून सांगतात. सुरेश भटांनी ते मानलं नाही. अमरावतीत १५ एप्रिल १९३२ ला जन्मलेला, लहानपणीच्या पोलिओने पाय अधू झालेला, बी.ए.च्या शेवटच्या परीक्षेत दोनदा आपटून १९५५ ला पास झालेला हा माणूस. ‘रूपगंधा’, ‘रंग माझा वेगळा’, ‘एल्गार’ ही त्याच्या पुस्तकांची नावं मराठी वाचकाला सांगावी लागत नाहीत. एवढ्या उंचीवरचा कवी आपल्या प्रतिभेभोवती धूप जाळत बसला असता तर कुणी हरकत घेतली नसती. भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली. मतला म्हणजे काय, रदीफ-काफिया कसा सांभाळायचा, वृत्त कुठे मोडतं, असा सगळा कारागिरीचा भाग साध्या भाषेत मांडला आणि नव्या पोरांना तो वाटला. पत्रांतून त्यांच्या गझला दुरुस्त केल्या, रागावले, पाठ थोपटली. आज मराठीत गझल लिहिणाऱ्यांची जी मोठी फळी आहे, तिच्यातल्या कित्येकांच्या हाताला ही बाराखडी लागलेली आहे.

या बाराखडीतून दुसरा सुरेश भट झाला नाही, असं म्हणून नाक मुरडणारे आहेत. त्यांचं म्हणणं खरं आहे, पण त्याने काही सिद्ध होत नाही. बाराखडीने शंभर माणसं नीट गझल लिहू लागली आणि हजारोंना चांगली गझल ओळखता येऊ लागली. वृत्त कळणारा श्रोता भेटला की कवीला लबाडी करता येत नाही. राजशेखराची भावयित्री प्रतिभा तयार करायचा हा उद्योग होता आणि तो अमरावतीच्या एका कवीने टपाल खात्याच्या भरवशावर केला.

गुण मोजायची हौस मात्र फार जुनी नाही. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये पहिली उपयोगी बुद्धिमापन चाचणी केली. सरकारला वर्गात मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना जादा शिकवायचं होतं, एवढाच तिचा हेतू. बुद्धी ठरावीक मापाची असते, वाढत नाही, या समजुतीवर बिने यांनी स्वतः कडक टीका केली होती. ती टीका मागे राहिली आणि आकडा पुढे निघून गेला. आपल्याकडे १९३४ च्या सुमारास डॉ. वि. वि. कामत यांनी धारवाडच्या परिसरात मराठी आणि कन्नड मुलांवर ही चाचणी बसवली. बिने-कामत चाचणी या नावाने ती आजही कित्येक ठिकाणी बौद्धिक अपंगत्वाच्या दाखल्यासाठी वापरतात. १९६२ मध्ये अप्पा पेंडशांनी पुण्यात ज्ञान प्रबोधिनी काढली. तिथे चाचण्यांचा उपयोग नेमका उलट्या टोकाला झाला: बुद्धिमान मुलं निवडायची आणि त्यांना समाजाच्या कामाला लावायचं. दोन्ही ठिकाणी मोजणाऱ्याला मोजल्यानंतर काय करायचं हे ठाऊक होतं, आणि मला त्यातला तेवढाच भाग महत्त्वाचा वाटतो.

अकोल्याच्या तोष्णीवाल ले-आउटमध्ये संध्याकाळी सायकली-स्कूटींची जी रांग लागते, तिथे मोजणं थांबतच नाही. बुलढाणा, वाशीम, यवतमाळहून पोरं येऊन खोल्या करून राहतात, मेसचा डबा खातात आणि दर आठवड्याला टेस्ट देतात. नीटचे प्रश्न १८०, गुण ७२०. शिक्षक मेहनती आहेत, पोरंही. शिवाय शेतकऱ्याच्या पोराला वशिल्याशिवाय डॉक्टर होता येतं ते या परीक्षेमुळेच, हे विसरून क्लासवर तोंडसुख घेणं सोपं आहे. माझी तक्रार वेगळी आहे. ही परीक्षा जागा वाटण्यासाठी आहे, पण घरी ती पोराची लायकी सांगणारी म्हणून वाचली जाते. जागा कमी असल्या की कटऑफ चढतो, आणि कटऑफ चढला की तेवढ्याच तयारीचं पोर गेल्या वर्षी हुशार आणि यंदा ‘ढ’ ठरतं. त्याच्या डोक्यात काहीच बदललेलं नसतं.

पदवी मिळाल्यावरही ‘येतं’ कशाला म्हणायचं हा प्रश्न संपत नाही. डॉ. रवींद्र कोल्हे मेळघाटातल्या बैरागडला जायला निघाले तेव्हा एमबीबीएस झालेले होते. तरी आधी त्यांना सोनोग्राफीशिवाय बाळंतपण आणि एक्स-रेशिवाय न्यूमोनिया ओळखणं शिकून घ्यावं लागलं. नागपूरच्या वॉर्डात जो डॉक्टर सक्षम, तोच यंत्रं काढून घेतल्यावर बैरागडला निम्मा उरतो. पुढे डॉ. स्मिता कोल्हेही तिथेच रमल्या आणि २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. तो मान योग्यच होता. पण त्या गावाने त्यांना काय शिकवलं, याची नोंद सन्मानपत्रात कधी होत नसते.

याच्या नेमकं उलट उदाहरण गुलाबराव महाराजांचं. जन्म १८८१, लोणी टाकळी, गाव माधान. नऊ महिन्यांचे असताना दृष्टी गेली आणि १९१५ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ते गेले. तेवढ्या आयुष्यात सव्वाशेच्या वर ग्रंथ: वेदान्त, भक्ती, संगीत, आयुर्वेद, पाश्चात्त्य विचारांचं खंडन. आपण ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणून हात जोडतो आणि पुढे जातो. स्मरणशक्ती अफाट होती, यात शंका नाही. पण थोडं थांबून व्यवस्था पाहावी. कुणीतरी वाचून दाखवत होतं, कुणीतरी उतरवून घेत होतं, कुणीतरी ग्रंथ मिळवून आणत होतं. एका खेड्यात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका अंध मुलाभोवती वाचणाऱ्यांचं आणि लिहिणाऱ्यांचं असं कडं उभं राहिलं, हे त्या स्मरणशक्तीइतकंच नवलाचं आहे. तसं कडं न मिळालेली, तेवढ्याच स्मरणशक्तीची किती पोरं याच जिल्ह्यात देवळाच्या पायरीवर बसली असतील, त्यांचा हिशेब कुणाकडे नाही.

अमर्त्य सेन यांनी १९७९ च्या स्टॅनफर्डमधल्या व्याख्यानात हाच मुद्दा अर्थशास्त्रातून मांडला. दोन माणसांना सारखेच पैसे दिले तरी अपंग माणसाला तेवढ्यात तेवढं करता येत नाही. म्हणून माणसाकडे काय आहे यापेक्षा त्याला प्रत्यक्षात काय करता येतं, काय होता येतं, ते पाहा. परतवाड्याजवळच्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी रस्त्यावर, स्टेशनवर टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना घर दिलं. अंबादासपंत वैद्यांचंच नाव त्या बालगृहाला आहे. तिथे वाढलेली एक दृष्टिहीन मुलगी २०२४ मध्ये एमपीएससीची लिपिक-टंकलेखक परीक्षा उत्तीर्ण झाली. त्याच वर्षी शंकरबाबांना पद्मश्री मिळाली. बातम्यांनी तिच्या जिद्दीचं कौतुक केलं. जिद्द होतीच. पण आधी कुणीतरी तिला उचलून घरी नेलं होतं आणि शाळेत घातलं होतं.

गाडगेबाबांबद्दल लिहिताना ‘निरक्षर असूनही’ हा शब्दप्रयोग हटकून येतो. मला तो खटकतो. शेणगावात १८७६ ला जन्मलेले डेबूजी मामाच्या गावी, मूर्तिजापूरकडच्या दापुऱ्याला, गुरं राखत नि शेती करत वाढले. त्यांच्या अखेरच्या काळातल्या एका कीर्तनाचं ध्वनिमुद्रण ऐकायला मिळतं, ते एकदा कान देऊन ऐकावं. बाबा प्रश्न टाकतात, समोरचा जमाव एका सुरात उत्तर देतो आणि त्या उत्तरालाच धरून पुढचा प्रश्न येतो. उत्तर ढिलं आलं तर तेच जरा वेगळ्या वळणाने पुन्हा विचारतात. जमावाच्या आवाजावरून त्याला किती कळलं, किती टोचलं, हे त्यांना तिथल्या तिथे उमगतं. लिहिलेलं भाषण वाचणाऱ्याला हे जमणारच नाही. त्यांचं सगळं कौशल्य ऐकण्यात होतं, म्हणून ‘असूनही’ची इथे गरज नाही.

आता क्रिकेट, कारण त्याशिवाय वऱ्हाडातली कोणतीही चर्चा पूर्ण होत नाही. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी खेळतो. पहिली ट्रॉफी मिळाली २०१७-१८ च्या हंगामात, इंदूरला दिल्लीला हरवून. लगेच पुढच्या वर्षी दुसरी, आणि २०२४-२५ ला तिसरी. साठ वर्षं कोरडी आणि मग सात-आठ वर्षांत तीन. मधल्या काळात विदर्भातल्या आयांच्या पोटी वेगळी पोरं जन्माला येऊ लागली, असं तर कुणी म्हणणार नाही. नागपूरला अकादमी झाली, मैदानं झाली, चंद्रकांत पंडितांसारखा कडक प्रशिक्षक आला, वासिम जाफरसारखा मुरलेला फलंदाज ड्रेसिंग रूममध्ये बसला, आणि जिल्ह्यातल्या पोराकडे बघणारा डोळा तयार झाला. अकोल्याचा अथर्व तायडे आणि आदित्य ठाकरे ही त्या डोळ्याला दिसलेली नावं.

अमरावतीच्या जितेश शर्माचं प्रकरण आणखी बोलकं आहे. विदर्भाकडून २०१४ पासून खेळतोय. मुंबई इंडियन्सने घेतलं, पण सामना खेळवला नाही. आयपीएलची पहिली मॅच २०२२ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, पंजाबकडून; भारताची टोपी २०२३ मध्ये. आणि २७ मे २०२५ ला लखनौला बंगळुरूचं नेतृत्व करताना २२८ चा पाठलाग ३३ चेंडूंत नाबाद ८५ करून त्याने संपवला. त्या रात्री अमरावतीच्या राजकमल चौकातल्या प्रत्येकाला हा पोरगा पहिल्यापासून माहीत होता. मग मधली आठ वर्षं त्याची फटकेबाजी कुठे होती? तिथेच होती. सहाव्या-सातव्या क्रमांकावर येऊन पंधरा चेंडूंत सामना फिरवणारा माणूस ही जागाच टी-ट्वेंटीने हळूहळू तयार केली. ती जागा निघाली तेव्हा त्याचा गुण मोजायला माप मिळालं. वीस वर्षं आधी जन्मला असता तर रणजीत बेजबाबदार शॉट मारतो म्हणून बोलणी खाल्ली असती.

माप मिळालं म्हणजे मोल मिळालंच, असं नाही. धारणी तालुक्यात लवाद्याला सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं. बांबू कापणं, विणणं या भागाला नवीन नव्हतं. सुपं-टोपल्या पिढ्यान्‌पिढ्या होत होत्या आणि आठवडी बाजारात पडेल भावाने जात होत्या. केंद्राने त्याच हातांना फर्निचर, घरं, राख्या करायला शिकवलं आणि गिऱ्हाईक शोधून दिलं. तरी अडचण सुटली नव्हती, कारण कायद्याने बांबू हे झाड होतं आणि त्यामुळे तोड-वाहतुकीवर वन खात्याचे निर्बंध होते. जंगलाबाहेरच्या बांबूपुरती ही व्याख्या बदलायला २०१७ उजाडलं. सरकारची विश्वकर्मा योजना आता अठरा पारंपरिक व्यवसायांना ओळखपत्र, प्रशिक्षण आणि अवजारांसाठी पंधरा हजार रुपये देते, हे चांगलंच आहे. मात्र त्या अठरांत शेतातलं एकही काम नाही.

आणि वऱ्हाडाचा सगळ्यात मोठा कौशल्याचा व्यवहार तर शेतात आणि कापसाच्या बाजारातच चालतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने, १८६१ ते १८६५, मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि त्यांनी वऱ्हाडाकडे मोर्चा वळवला. मागोमाग रेल्वे आली. तेव्हापासून या मुलखाची ऐपत एका प्रश्नावर ठरत आली: हा कापूस कसा आहे? उत्तर देणारी माणसं हातांनी उत्तर देत. अडत्या किंवा ग्रेडर गाडीच्या वरच्या थराला हात लावत नाही, कारण वर चांगला माल ठेवायची रीत त्याला ठाऊक असते. तो कोपरापर्यंत हात आत घालतो, मूठभर कापूस काढतो. तळव्यात दाबून सोडला की कसा फुलतो ते बघतो. सरकी दाताखाली घेऊन फोडतो. कट्‌ आवाज आला तर वाळलेली, नुसती चेपली तर ओल आहे. मग बोटांनी सरकीभोवतीचे तंतू विंचरून दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत पुंजका धरतो, ओढतो, जुळवतो, पुन्हा ओढतो. हातात तंतूंची सरळ, छोटी पट्टी उरली की तिच्या लांबीवरून धागा अठ्ठावीस मिलिमीटरचा की तिसाचा ते सांगतो. शेवटी ती पट्टी तोडून बघतो. ताकद हाताला जाणवते आणि तुटण्याचा आवाज कानाला. कवडी, म्हणजे खराब कापूस, किती, पाचोळा किती, रुईचा उतारा किती येईल, हे सगळं मिळून मिनिट-दोन मिनिटांत हर्रासाचा भाव फुटतो.

कसं कळलं म्हणून विचारा, तो ‘हाताले समजते’ म्हणेल आणि पुढच्या गाडीकडे जाईल. गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्वज्ञाने १९४९ मध्ये एखादी गोष्ट माहीत असणं आणि ती करता येणं यांत फरक केला. दुसरं हे पहिल्याचंच अंमलात आणलेलं रूप आहे, हा समज त्याने खोडून काढला. त्याला अकोल्याची बाजार समिती दाखवली असती तर पुस्तक थोडं पातळ झालं असतं.

पण या हाताची दुसरी बाजूही आहे आणि ती कौतुकात लपवू नये. १९७२ ला महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली तेव्हा ग्रेडरचा हात सरकारी झाला. तो जी प्रत लावेल ती शेतकऱ्याने घ्यायची. सांगता न येणारं ज्ञान तपासताही येत नाही. आणि तपासता न येणाऱ्या अधिकारात काय काय शिरतं, हे वऱ्हाडातल्या कोणत्याही जुन्या शेतकऱ्याला विचारा. म्हणून ओलावा मोजायचं मीटर आलं याचं मला दुःख नाही. भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, आठ ते बारा टक्के ओलावा धरतं. मीटरचा आकडा शेतकऱ्यालाही वाचता येतो, त्यावर वाद घालता येतो. लांबी, ताकद, तंतूचा बारीकपणा (मायक्रोनेअर) सांगणारं यंत्रही आता आहे. शिवाय २००२ नंतर बीटी कापसाने शेतं इतकी एकसारखी केली की देशी वाण आणि संकरित वाण बोटांनी वेगळे ओळखणाऱ्याला ओळखायलाच फार काही उरलं नाही. हा गुण कुणी हिरावून घेतला नाही. त्याचं काम संपत गेलं आणि नवी पोरं तो शिकेनाशी झाली.

यंत्राने जिचं काम अजून घेतलेलं नाही ती बाई मात्र या साखळीच्या दुसऱ्या टोकाला आहे. दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू होते. सुकलेल्या बोंडाच्या टोकांनी बोटांची पेरं फाटतात, म्हणून काही जणी चिंध्या गुंडाळतात. पण चिंधीने बोटाची जाण कमी होते, म्हणून चांगली वेचणारी बहुधा उघड्या बोटांनीच वेचते. बोंडाच्या साऱ्या पाकळ्यांतला कापूस एका ओढीत यायला हवा, मागे शेंबडासारखी दोरी लोंबत राहता कामा नये आणि वाळलेल्या पानाचा चुरा सोबत येता कामा नये. सकाळी दव असताना पान मऊ असतं, चुरा कमी होतो, पण कापूस ओला येतो. दुपारी कापूस कोरडा, पण पान हाताला लागताच चुरतं. अर्धवट उमललेलं बोंड सोडून द्यायचं, किडकं बाजूला ठेवायचं, कवडी वेगळी झोळीत टाकायची. हे सगळं चालताना, वाकून, दोन्ही हातांनी, शेजारणीशी बोलता बोलता. बाजारात ग्रेडरचा हात जे शोधतो ते बरंचसं या बाईच्या हाताने आधीच ठरवलेलं असतं.

सरकारी दरपत्रकात ती अकुशल. २००५ च्या रोजगार हमी कायद्यानेही खेड्यातल्या हातांना जे काम द्यायचं ठरवलं ते ‘अकुशल’ शारीरिक काम. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राने मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये हमीभाव लावला, म्हणजे मिलिमीटरला किंमत आहे. वेचणारीला मजुरी मिळते ती किलोवर. स्वच्छ वेचलेला किलो आणि पाचोळ्यासकट ओरबाडलेला किलो, दोन्हींचा दर एक. उलट पाचोळ्याचं वजन ओरबाडणारीच्याच बाजूने धरलं जातं. जी बाई सावकाश, नीट वेचते तिचं संध्याकाळचं गाठोडं हलकं भरतं आणि मालक तिला पुढल्या दिवशी जरा हात उचलून काम करायला सांगतो. मालकाचंही चूक नाही, कारण खेडा खरेदीवाला त्याला स्वच्छतेचे वेगळे पैसे देत नाही; आणि जिनिंगवाला तो कापूस इतर पन्नास जणांच्या मालात ओततो. या साखळीत स्वच्छतेसाठी किलोमागे दोन रुपये जास्त मोजणारा एक माणूस जरी कुठे उभा राहिला, तरी पुढच्या हंगामात कोणत्या बाया चांगल्या वेचतात हे गावाला आठवड्याभरात कळेल. गावाला तशी त्यांची नावं आताही ठाऊक आहेत. मुकादम त्यांना आधी बोलावतो, पण दर तोच ठेवतो.